समोरच्याची खुर्ची

साहेबांबद्दल लिहायचं तर आधी त्यांच्या विरोधात लिहावं लागेल. नियम त्यांचाच आहे, माझा नाही. तेव्हा तक्रारी आधी घेते.

पहिली तक्रार पक्षकारांची. धाराशिवच्या कोर्टापासून दोन गल्ल्या सोडून साहेबांचं वकिलीचं ऑफिस होतं. सकाळच्या एसटीनं आलेला माणूस पिशवीतून सातबारा काढायच्या आत साहेब विचारायचे, "तुमचं ऱ्हाऊ द्या. समोरचा काय म्हणतो?"

"समोरचा काय म्हणणार सायेब? लबाड हाय त्यो."

"मग तिथं बसा." साहेब खिडकीजवळच्या पत्र्याच्या खुर्चीकडं बोट करायचे. "ती समोरच्याची खुर्ची. तिथं बसलं की तुम्ही म्हंजे तुमचा चुलतभाऊ. आता बोला, काय बाजू हाय तुमची?"

ती खुर्ची उन्हानं तापायची. तिचा एक पाय आखूड होता, त्यामुळं बसलेला माणूस डुगडुगायचा. समोरच्याची बाजू नीट, समोरच्यानं ऐकली तर तोही मान डोलावेल अशी सांगता आली, तरच साहेब वकीलपत्र घ्यायचे. नाही तर पुढच्या आठवड्यात पुन्हा या. निम्मे लोक तिथूनच उठून दुसरा वकील गाठायचे आणि जाताजाता खालच्या पानटपरीवर सांगून जायचे की म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय.

दुसरी तक्रार माझी, आणि ती मोठी आहे. मी सनद घेऊन साहेबांकडं ज्युनियर म्हणून लागले, तेव्हा माझ्याबरोबरच्या मुली दोन-तीन महिन्यांत कोर्टापुढं उभ्या राहून तारखा मागायला लागल्या होत्या. साहेबांनी मला वर्षभर बोलायला उभंच राहू दिलं नाही. आपल्या पक्षकाराचा दावा ते स्वतः लिहायचे आणि त्याच्यावर समोरच्याचं उत्तर मला लिहायला लावायचे. हे उत्तर कधी कुठं दाखल व्हायचं नाही, कपाटात जायचं. मला ते पहिल्या दिवसापासून 'वकील' म्हणायचे आणि अहोजाहो करायचे. "वकील, हे वाचून मला काय घाम फुटंना. म्हंजे कच्चं हाय. पुन्हा लिवा." लिहिलेलं पसंत पडलं तर त्या दिवशी हाफ चहाऐवजी फुल चहा मिळायचा. वर्षभरात माझ्या वाट्याला आलेले फुल चहा मी बोटांवर मोजू शकते.

तिसरी तक्रार काकूंची, म्हणजे साहेबांच्या पत्नीची. "इतकी वर्षं संसार केला, पण एकदा धड भांडण झालं न्हाय बघ. भाजी खारट झाली तरी हे आधी माझी बाजू सांगत बसणार. म्हणणार, सकाळी पाहुणे आले होते, ध्यान हटलं असंल, मीठ दोनदा पडलं असंल. मग मी भांडू कुणाशी?" असं म्हणून काकू मला पोह्यांची डिश द्यायच्या आणि भांडणाची हौस माझ्यापाशी भागवून घ्यायच्या.

या सगळ्याच्या मुळाशी एक अमेरिकन होता.

साहेब तरुण असताना कुठल्याशा ग्रंथालयानं फाटकी पुस्तकं काढून टाकली, त्यातलं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक त्यांनी घरी आणलं. एकोणिसाव्या शतकातल्या, अमेरिकेतल्या एका वकिलाचं ते आत्मचरित्र. पुठ्ठा आणि सुरुवातीची पानं गळालेली, शेवटची वाळवीनं खाल्लेली. त्यामुळं नाव कळायला मार्ग नव्हता. स्वतःची गोष्ट सांगणारा माणूस स्वतःला 'मी'च म्हणणार. साहेब त्याला 'आपला अमेरिकन' म्हणायचे, गल्लीतल्या एखाद्या जुन्या शेजाऱ्याबद्दल बोलावं तसं.

आपला अमेरिकन घोड्यावर बसून गावोगावच्या कोर्टांत जायचा. निवडणुकीला उभा राहायचा, कधी निवडून यायचा, जास्त वेळा पडायचा. पुस्तकं लिहायचा, ती फारसं कुणी वाचायचं नाही. आणि कोर्टात बोलायला उठला की आधी समोरच्याची बाजू मांडायचा, तीही समोरच्या वकिलापेक्षा झकास, आणि मग हळूच आपल्या बाजूकडं वळायचा. साहेबांनी त्याचं सगळंच उचललं. फक्त घोड्याऐवजी लुना घेतली.

रोज सकाळी ते त्या पुस्तकाचं एक पान मराठीत उतरवायचे, कोर्टाच्या हिरव्या कागदावर. त्यांच्या मराठीत तिकडचा माळ आपल्या भूम तालुक्यातल्या माळासारखा दिसायचा आणि आपला अमेरिकन, मक्याची भाकरी खाऊन, झाडाखाली बसलेल्या न्यायाधीशाला "आवं जजसाहेब" म्हणायचा. मी एकदा म्हटलं, "साहेब, अमेरिकेतला माणूस 'आवं' कसा म्हणेल?" तर म्हणाले, "मग काय म्हणंल? खेड्यातलाच हाय त्यो."

पहिला भाग त्यांनी कळंबच्या एका छापखान्यात छापूनही घेतला. छापखानेवाल्याकडं अमेरिकेचं चित्र कुठून असणार? त्यानं एका जुन्या कॅलेंडरातला घोडेस्वार मुखपृष्ठावर घातला. त्यामुळं आपला अमेरिकन फेटा बांधून, हातात भाला घेऊन प्रसिद्ध झाला. दाव्याचा निकाल लागला की जिंकलेल्याला आणि हरलेल्याला साहेब एकेक प्रत द्यायचे. हरलेला ती तिथंच ठेवून जायचा. एक प्रत मी कोर्टाबाहेरच्या चहाच्या गाड्यावर डुगडुगत्या बाकाच्या पायाखाली पाहिली आणि साहेबांना सांगितलं नाही.

"साहेब, मोबाइलवर शोधते," असंही मी एकदा म्हटलं होतं. "दहा मिनिटांत नाव निघेल. पुढं त्याचं काय झालं तेही कळेल."

"नगं," साहेब म्हणाले. "पुस्तक संपतं तिथं त्यो शेवटच्या निवडणुकीला उभा हाय. ऱ्हाऊ द्या उभा."

निवडणूक साहेबांनीही लढवली होती. माझ्या आधीची गोष्ट, पण त्यांनी ती मला इतक्या वेळा सांगितली की मी तिथं हजर असल्यासारखी सांगू शकते. जिल्हा परिषदेची निवडणूक, तेरखेड्यात मोठी सभा. तिथं घराघरात फटाके बनतात. साहेबांचा एक फटाकेवाला दोस्त भाषण संपलं की लावायला म्हणून भलीमोठी माळ घेऊन आला होता. साहेब उठले आणि म्हणाले, "आधी माझ्या विरोधात जे उभे हायेत त्यांची बाजू सांगतो." आणि सांगितली की! पाण्याची टाकी कुणी बांधून घेतली, शाळेला खोल्या कुणी आणल्या, बाळंतिणीला दवाखान्यात न्यायला कुणाची जीप सगळ्यात आधी दारात उभी राहते. लोक टाळ्या वाजवायला लागले. ते आटोपून साहेब घोटभर पाणी प्यायला थांबले. दोस्ताला वाटलं, झालं भाषण. त्यानं माळेला काडी लावली.

पुढची पाच मिनिटं कुणाला काही ऐकू आलं नाही. धूर निवळला तेव्हा बाया घराकडं निघालेल्या, गडी उठून धोतरं झटकत होते आणि पोरं न फुटलेले फटाके वेचत होती. साहेब स्टेजवर तांब्या हातात धरून उभे. ते पडले हे सांगायलाच नको.

"बाजू पटली लोकांना," साहेब हसून म्हणायचे. "मांडलीच होती तशी."

"आणि तुमची बाजू, साहेब?"

"माझी ऱ्हायली ती ऱ्हायलीच," ते म्हणाले आणि चहा बशीत ओतत राहिले. त्या वेळी ते हसत नव्हते.

आता मी साहेबांची ऋणी का आहे ते सांगते.

आमचं शेत कळंबच्या अलीकडं, रस्त्यापासून आत. अब्बा आणि चाचा सख्खे भाऊ, अब्बा थोरले. आजोबांच्या माघारी वाटणी झाली, तेव्हा रस्त्याकडची जमीन चाचांना आली आणि आतली आम्हाला. आमच्या शेतात जायची गाडीवाट चाचांच्या बांधाकडेनं. माझ्या जन्माच्या आधीपासून आम्ही त्याच वाटेनं जात होतो. मी ज्युनियर म्हणून दुसऱ्या वर्षात होते तेव्हा, ऐन सोयाबीनच्या काढणीत, चाचांनी त्या वाटेवर बाभळीचे फास, म्हणजे तोडलेल्या काटेरी फांद्या, टाकले. मळणीयंत्र बांधावरून परत गेलं. सोयाबीन उभ्या उभ्या वाळत होतं, आणखी थोडे दिवस गेले असते तर शेंगा तडकून दाणा मातीत पडला असता.

अब्बा त्या दिवशी जेवले नाहीत. मग म्हणाले, दावा लावायचा. मनाई हुकूम आणायचा. मी वकील असून माझ्या नावानं नाही, साहेबांच्या नावानं, कारण मोठ्या वकिलाचं नाव वाचून चाचांची छाती दडपली पाहिजे. मलाही तेच हवं होतं, खोटं कशाला सांगू? मी एका बैठकीत दावा लिहून काढला. इतका जोरदार मी पुन्हा कधी लिहिला नाही.

साहेबांनी तो वाचला, घडी घातली आणि पत्र्याच्या खुर्चीकडं बोट केलं.

"साहेब, हा माझ्या घरचा मामला आहे," मी म्हटलं.

"म्हणूनच."

बसले. म्हटलं, "चाचांचं म्हणणं असं की, जमीन माझी, मर्जी माझी."

"हे तुमच्या अब्बांच्या मनातले चाचा झाले," साहेब म्हणाले. "खरे चाचा काय म्हणतात? इचारलंय का कुणी?"

कुणीच विचारलं नव्हतं. फास पडल्यापासून आमच्या घरातलं कुणी त्यांच्या दारात गेलं नव्हतं. मी साहेबांवर इतकी चिडले की पायऱ्या उतरताना ठरवलं, दुसरा वकील करायचा. खाली पानटपरीपाशी उभी राहिले, दुसऱ्या एका वकिलाचा नंबरही लावला. तो उचलेपर्यंत माझ्या मनात एकच प्रश्न घोळत होता की खरंच, काय म्हणत असतील चाचा? मी फोन बंद केला आणि स्कूटी कळंबच्या रस्त्याला लावली.

चाची दारातच होती. तिनं माझ्याकडं न बघताच चहा टाकला. चाचा बाजेवर बसून दोरी वळत होते.

"वकील म्हणून आली की पोरगी म्हणून?" त्यांनी विचारलं.

"दोन्ही नाही. तुमची बाजू ऐकायला आले."

दोरी वळतावळताच ते बोलायला लागले. वाटणीच्या वेळी पंचांनी त्या वाटेसाठी जागा ठेवलीच नव्हती. अब्बांचं शेत आत अडकेल म्हणून चाचांनी आपल्या हिश्शातली पट्टी तोंडी सोडली. कागद केला नाही, भावात कागद कसला? त्या पट्टीत बसला असता तो भुईमूग, ती तूर, इतकी वर्षं सोडून दिली. त्याचंही काही नाही. पण उन्हाळ्यात चाचांच्या पोराच्या लग्नात व्याही शेत बघायला आले, तेव्हा अब्बांनी चारचौघांत त्यांना हात करून दाखवलं, "हा माझा रस्ता." चाचा शेजारीच उभे होते.

घरात आम्ही दखनी बोलतो. मी इथं सगळं मराठीत लिहिते आहे, पण पुढचं वाक्य चाचांचं आहे तसंच ठेवते.

"एक बार बोलना था ना बेटी, मेरे भाईने दिया करके. बस एक बार."

चहा निवून गेला होता, तो मी तसाच प्यायले.

दुसऱ्या दिवशी मी अब्बांना साहेबांच्या ऑफिसात घेऊन आले. त्यांना वाटलं सही करायला बोलावलंय. साहेबांनी त्यांना आपल्या समोरची गादीची खुर्ची दिली आणि मला म्हणाले, "हं, वकील."

मी पत्र्याच्या खुर्चीवर बसले आणि चाचा झाले. वर्षभर नको नको म्हणत लिहिलेली ती सगळी उत्तरं त्या दिवशी कामाला आली. काय आधी सांगायचं, कुठं थांबायचं, काय न सांगताच सोडायचं, हे सगळं मला आपोआप येत होतं. मी अब्बांकडं बघितलं नाही, साहेबांकडं बघून बोलले. लग्नातल्या त्या वाक्यापाशी आले तेव्हा चाचांचं ते 'बस एक बार' मी दखनीतच म्हटलं.

बोलणं संपलं. अब्बांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती आणि तिच्या काठावरून ते बोट फिरवत होते.

"आता सांगा," साहेब त्यांना अगदी हळू म्हणाले, "वकीलपत्र कुणाचं घेऊ?"

अब्बांनी टोपी घातली, उठले आणि मला म्हणाले, "चल, गाडी काढ."

आम्ही पोचलो तेव्हा चाचा बांधावरच होते. मला वाटत होतं, आता गळ्यात पडतील, माफी मागतील. अब्बांना त्यातलं काही जमण्यासारखं नव्हतं. ते थोरले. फासांच्या अलीकडं उभे राहून त्यांनी दोनदा घसा खाकरला. नजर जमिनीवर.

"छोटे," ते म्हणाले, "रस्ते पर मुरूम डालना है. तेरी इजाजत है क्या?"

चाचांनी वाकून पहिला फास ओढला. दुसरं टोक अब्बांनी धरलं. काटे दोघांच्याही हातांत घुसले, आणि चाची मागून दोघांनाही शिव्या देत हळद घेऊन आली. दुसऱ्या दिवशी मळणीयंत्र आत गेलं. त्या वर्षीच्या ईदला चाचीचा शीरखुर्मा पूर्वीसारखा पातेलंभर आमच्याकडं आला, आणि पातेलं उघडून अम्मी डोळे पुसता पुसेनात इतकी रडली.

माझा तो जोरदार दावा साहेबांनी कपाटात ठेवला. मला त्या दिवशी फुल चहा मिळाला आणि पुढच्या सोमवारी कोर्टात उभं राहायची परवानगी.

मी साहेबांना नीट आभार म्हणून काही म्हटलं नाही. म्हणायला गेले की ते अमेरिकनाचं काहीतरी काढायचे. गेल्या उन्हाळ्यात ते गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. काकूंनी मला हिरव्या कागदांचा गठ्ठा दिला. शेवटच्या पानावर साहेबांनी लिहिलं होतं, "पुढची पानं वाळवीनं खाल्ली. आपला अमेरिकन निवडून आला का पडला, कुणास ठाऊक. त्यानं समोरच्याची बाजू मात्र मांडलीच असंल."

बार रूममध्ये शोकसभा झाली. ज्येष्ठ वकील बोलले, साहेब थोर होते, विद्वान होते, वगैरे. कुणी काही खोटं बोललं नाही, पण त्यात साहेब कुठंच नव्हते. मग माझी पाळी आली. मी म्हटलं, साहेबांच्याच पद्धतीनं बोलते, आधी विरोधातली बाजू. पत्र्याची खुर्ची सांगितली, हाफ चहा सांगितला, भाल्यावाला अमेरिकन सांगितला, काकूंचं न झालेलं भांडण सांगितलं. लोक हसले. काकू पदर तोंडाला लावून हसल्या. मी डोळे पुसायला आणि श्वास घ्यायला थांबले.

अध्यक्षांना वाटलं, झालं माझं. ते म्हणाले, "आता आपण दोन मिनिटं शांत उभं राहून श्रद्धांजली वाहू." खुर्च्या सरकल्या. सगळे उभे राहिले.

मी माइकपाशी मान खाली घालून उभी होते आणि मला तेरखेड्याची सभा आठवत होती. पुन्हा तेच झालं होतं, साहेबांची बाजू पुन्हा राहिली होती, आणि या खेपेला चूक माझी होती. त्या शांततेत मागून आवाज आला.

"आवं थांबा जरा. अजून दुसरी बाजू ऱ्हायलीय. बोलू द्या पोरीला."

अब्बा होते. शेवटच्या बाकावर. आयुष्यात कधी कुठल्या सभेत ते असे बोलले नव्हते. सगळी बार रूम वळून त्यांच्याकडं बघायला लागली. अध्यक्ष गोंधळले, पण खाली बसले. मग सगळेच बसले.

मी ठरवून आणलेलं सगळं विसरले होते.

"ते बोलले ते माझे वडील," मी म्हटलं. "त्यांच्या शेजारी बसलेत ते माझे चाचा. दोघं आज एका मोटरसायकलवर आलेत. साहेबांची बाजू एवढीच आहे."

पुढचं कुणाला हवंही नव्हतं. सगळे मागं बघत होते. इतकी माणसं बघतात म्हणून चाचा अवघडून बाकाच्या कडेला गेले होते. अब्बा जरा सरकले आणि त्यांनी चाचांना नीट बसायला जागा करून दिली.